आत्याचा नवा गुडघा

डॉक्टरी संशोधनाचं मला सांगू नका. आमच्या गंगेकाठच्या, दुर्गाघाटावरच्या आत्यानं एका डॉक्टरचं संशोधन माझ्यासमोर आडवं केलंय.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तो डॉक्टर अशाच पेशंटांचा अभ्यास करत होता. ऑपरेशनआधी त्यानं विचारलं, "माताजी, जिना चढता येतो?"

"न चढून करते काय? रोज घाटाच्या पायऱ्या उतरून पूजेचं गंगाजल मीच आणते."

त्यानं 'येतो' असं लिहून घेतलं. दुखतं का, हे त्यानं विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

काही महिन्यांनी मी तिला तपासणीला नेलं. पुन्हा तोच प्रश्न.

"जिना? छे, मुळीच चढत नाही."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "दुखतं का?"

"अजिबात नाही."

"मग चढत का नाही?"

"नवा गुडघा जपा, असं तुम्हीच म्हणालात ना? आता घाटावर हे जातात."

"म्हणजे ऑपरेशनचा उपयोग झाला नाही, असं लिहू?"

आत्या भडकली. "झाला नाही कसा? लग्न झाल्यापासून ह्यांनी घरात पाण्याचा पेला उचलला नव्हता. आता रोज भरलेली कळशी घेऊन घाट चढतात. ते लिहा!"