आपाची बाजू कोरी ठेवलीय

आमी मूळ पिशोरच्या, कन्नड तालुक्यातल्या. आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या पुढच्या साली झाली, मी तिच्यामागं तीन वर्सानं. अब्बा बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मराठीत बी आन उर्दूत बी, आन पोळा आला की सगळ्या गावचे बैल शिंगं रंगवायला आमच्याच दारात. आपा डावखुरी. अम्मी जेवताना तिच्या हातावर चापट मारायची, उजव्यानं खा म्हणायची, तर अब्बा म्हणायचे अगं खायाला उजवा घेऊ दे, ब्रशाला डावा राहू दे, अल्लानं दिलाय तो काय फेकून द्यायचा व्हय?

मग काय सांगू तुमाला, आमी दोघी एकाच कागदावर बसायला लागलो. ती डाव्या अंगाला, मी उजव्या, म्हणजे कोपराला कोपर लागत नाय. ती तिच्या काठाकडून रंगवत यायची, मी माझ्या काठाकडून, मधी गाठ पडायची. जिचं आधी व्हईल तिनं ब्रश खाली ठेवून दुसरीची वाट बघायची, मधलं दोघींनी मिळून करायचं. वाट बघणारी नेहमी मीच, आपा लई सावकाश. एक कावळा काढायला तिला अख्खी दुपार लागायची. मी चिडायची, अगं कावळाच हाय ना, काळं फास आन मोकळी हो. ती म्हणायची, छोटे, तुला सगळे कावळे सारखे दिसतात, कावळ्यांना नाय दिसत.

लग्नं दोघींची औरंगाबादेत झाली, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. माझा लेक लहानपणी न्युमोनियानं दवाखान्यात पडला, तवा परक्या माणसांनी औषधं आणून दिली, नावसुद्धा सांगितलं नाय कुणी. ते मनात राहिलं. तवापासून दोघींचं चित्र विकलं की पैसे गरिबाच्या औषधाला, नायतर पोरींच्या वसतिगृहाला. आपणच खायचं तर खैरात कशाला म्हणायचं, असं आपाच म्हणाली होती.

आन मग माझ्याच हातून ते झालं. त्या साली औषधांसाठी चित्रांची विक्री ठेवलेली, आन आपा तापानं अंथरुणात. माझी बाजू झालेली, तिची निम्मी कोरी, दिवस आला तोंडावर. मी म्हटलं बिचारी आजारी, कशाला तिला तरास, आन बसले डाव्या बाजूला, तिच्यासारखंच सावकाश, तिच्यासारखेच कावळे. चित्र गेलं, औषधं आली, आन जो तो म्हणायला लागला वा, दोघींचा हात कुठं बदलतो ते कळतसुद्धा नाय. आपा शाल गुंडाळून आली होती बघायला. लई वेळ उभी राहिली. म्हणाली चांगलं झालं, गरिबाचं भलं झालं. मग हळूच म्हणाली, माझ्यावाचून व्हतंय की छोटे तुझं.

जळो माझी अक्कल! चोरी केली असती तर माफी तरी मागता आली असती, मी तर मदत केली होती. भांडली असती तरी बरं झालं असतं. त्यानंतर ती माझ्याशेजारी बसलीच नाय, आज डोळे दुखतात, उद्या पाहुणे येणार, आन दोन वर्सांखाली हैदराबादला लेकाकडं राहायला गेली. लई आठवण येती हो तिची. रंग कालवायला बसले की हात अजून दोन वाट्या घेतो.

आता दवाखान्यानं लेकरांच्या वॉर्डातली भिंत दिली रंगवायला. उजवी बाजू मी केली, आठवडी बाजार, शेळ्या, फुगेवाला. डावी कोरी ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, आजी, तुमाला दोन्ही बाजू येतात म्हणं, करून टाका की. मी म्हटलं, येतात म्हणूनच करणार नाय.

परवा हैदराबादला फोन लावला. म्हटलं आपा, तुझी बाजू मला जमली हे खरं, पण ती घेऊन मी काय करू, मला तू पाहिजे. ती म्हणाली गुडघे दुखतात, शिडीवर कोण चढणार. म्हटलं वरचं मी करते, तू स्टुलावर बसून खालचं कर. मग म्हणाली, भिंतीला ओल हाय का गं? ओल असंल तर रंग धरणार नाय.

बस, एवढंच. येते म्हणाली नाय. अल्ला तिचे गुडघे सलामत ठेवो. मी रोज जाऊन भिंतीला हात लावून बघते. कोरडी हाय.