तांत उतरवलेलं पिंजण

रेल्वे फाटक बंद होतं म्हणून अकोटहून अकोल्याला निघालेल्या एसटीचं इंजिन चालकाने बंद केलं. निवृत्त शिक्षिका वच्छलाबाई पुढच्या बाकाची दांडी धरून बसल्या होत्या. पुढे हलीमाबी आणि त्यांची नात तुबा. दोघींच्या मध्ये कापूस पिंजायचं धनुष्यासारखं जुनं पिंजण, त्याची तांत म्हणजे दोरी काढून ठेवलेली, त्याच दांडीला टेकवलेलं. एकच इयरफोन दोघींच्या कानांत होता.

“ऐक दादी. विलायतेतला गाणारा हाये. अख्ख्या अल्बममंधी तो अन् त्याची गिटार, बस.”

“मांगं ढोलकी वाजून राहिली ना.”

“ढोलकी नाही. अंगठ्यानं जाड तार ठोकते, अन् बाकी बोटांनी गाणं वाजवते. म्हणून तर मले आवडते. किती एकटा वाटते!”

“एकटा कुठं? दोन ठोके, मंग जरासा दम. तुह्या दादाचा, माह्या घरधन्याचा, पिंजणावरचा हात हाये हा.”

“काही पण!”

“जलमभर त्या ठोक्यावर भाकरी थापल्या म्या. मले नको शिकवू. हे पिंजण विकाचं नव्हतं, तुबा.”

“हॉटेलवाल्याले हो म्हटलं ना आता! भितीवर शोभेले लावते तो. गाद्या तर लोक तयार आणतात.”

“माणूस गेला का तांत उतरवा लागते, तवा पिंजण गप बसते. माह्या हातानं उतरवली म्या.”

“मंग झालं तर. दे इयरफोन, गाणं संपलं.”

“कुठं संपलं?”

“फोन बंद केला दादी.”

“पिंजणाच्या लाकडाले हात लाव.”

“…गाडी तर उभी हाये, दादी. मंग हे कसं ठोकून राहिलं?”

“दोन ठोके, मंग दम. हाये का नाही?”

“कंडक्टरभाऊ, दरवाजा उघडा! आमाले घरी वापस जाचं हाये.”

वच्छलाबाईंनी तेच ठोके जाणवणाऱ्या दांडीवरचा हात हळूच काढून घेतला.