पाइपातला पंखा

(गेवराईतलं खरेदी-विक्री संघाचं दुकान. काउंटरमागं अर्जुनराव. समोर तलवाड्याच्या भिवराबाई, हातात सुतळी.)

अर्जुनराव : सुतळीनं माप आणलं व्हय, वहिनी?

भिवराबाई : मग? पहिल्या गाठीपतूर लांबी, दुसरीपतूर रुंदी. आन् ही उरलेली, बाथरूमपासनं गच्चीपतूर. दिवाळीच्या आत पंखा बसला पायजे.

अर्जुनराव : साधा भिंतीतला न्या की.

भिवराबाई : भायरची भिंतच न्हाई तिला. पोरानं दोन खोल्यांच्या मधी बांधाय लावली. खिडकी बी न्हाई.

अर्जुनराव : मंग पाइपातलाच लागंल. मोटार छताच्या वर, बाथरूमात नुसती जाळी. पण पंखा लागावा एवढी वल कुठली? तुमच्याकडं आठ दिसाला टँकर येतोय.

भिवराबाई : म्हून तर! पाण्याचे पिंप समदे तिथंच भरून ठिवते. भिंत काळी पडली, वास मारायलाय. मोबाइलवर दावली तर सून म्हणली, लेकरं खोकतील, हे नीट करा, मंग दिवाळीला येताव.

अर्जुनराव : वापरणारी माणसं किती?

भिवराबाई : पाच. पोरगा, सून, दोन लेकरं आन् मी.

अर्जुनराव : रोजची?

भिवराबाई : रोजचं कशाला इचारताव? मोठा दावा.

अर्जुनराव : मोठ्याचा आवाज लई. हा चार इंची बास. लाइट बंद केली तरी दहा मिनिटं चालतोय. ह्या झडपेनं धूळ आत येत न्हाई.

भिवराबाई : आवाजानं लेकरं भ्याची न्हाईत ना?

अर्जुनराव : अजिबात न्हाई. वहिनी, राग मानू नका. आधी कमोड नेला, मागच्या साली गिझर.

भिवराबाई : पोरगा म्हणला म्हून नेला.

अर्जुनराव : गिझर बसल्यावर आलते का?

भिवराबाई : तवा लेकरांच्या परीक्षा होत्या.

अर्जुनराव : आन् कमोड बसला तवा?

भिवराबाई : ...तवा रजा न्हाई भेटली.

अर्जुनराव : आप्पा दूध सोसायटीचे चेअरमन होते, तवा तुमच्या घरी चहाचं आधण उतरत नव्हतं.

भिवराबाई : चारा सरला, गुरं इकली, सोसायटीला कुलूप लागलं. आमचे मालक बी गेले. आता पिंपात तांब्या बुडवते, तेवढाच घरात आवाज. लई एकटं वाटतं, अर्जुनराव.

अर्जुनराव : येतील हो. आमच्या म्हाळू मिस्त्रीला उद्याच बसवायला धाडतो.

भिवराबाई : नगा धाडू.

अर्जुनराव : कावून? आत्ताच तर दिवाळीच्या आत म्हणलाव.

भिवराबाई : खोक्यातच राहू द्या. गल्लीत कुणी इचारलं तर सांगता येतं, पंखा बसायचाय, म्हून आले न्हाईत.

अर्जुनराव : पण वहिनी...

भिवराबाई : बसल्यावर बी न्हाई आले, तर मंग मी काय सांगू?