पुसायच्या आधी

माझं गाव माहीम, केळव्याच्या बाजूचं, समुद्राला लागून. बाप होडीवर जायचा, आई सुकी मच्छी पाटीत घालून पालघरच्या बाजाराला. नाव गजानन, पण मैदानावर सगळे गजाच म्हणतात, साठीला आलो तरी गजाच. आमच्या घरात एक रीत होती, लोखंडाला खारं पाणी लागलं की ते गोड्या पाण्यानं धुवायचं आणि कोरडं पुसायचं, मंग तो कोयता असो नाय तर आईची विळी असो. आई बोलायची, खार झोपत नाय, तो आतून काम करत राहतो. दुसरी रीत अशी, की निघत्या माणसाला टोकायचं नाय. होडी पाण्यात ढकलली की मंग वारा वाईट हाय, जाळं फाटलंय, तुझं तोंड उतरलंय, असलं कायच बोलायचं नाय, जे असेल ते परत आल्यावर. ह्या दोन रीती मी बरोबर घेऊन आलो. एकीनं मला पोटाला लावलं, दुसरीनं काय केलं ते सांगतो.

होडीवर मला ओकारी व्हायची. होडीवाल्याच्या पोराला समुद्र लागतो, गावभर हसं झालं. मंग बोईसरला आलो, सरावलीला खोली घेतली, चार कारखाने फिरलो, कुठंच छातीला केमिकलचा वास सोसला नाय. शेवटी एका कॉलनीच्या मागं गोल्फचं मैदान हाय, नऊ होलचं, तिथं गवत कापायला लागलो, आणि गवत कापता कापता कॅडी झालो. कॅडी म्हणजे काय, तर सायबाची बॅग उचलायची, पाहिजे ती काठी हातात द्यायची आणि मारून झाली की घेऊन पुसायची. लोकांना वाटतं, पुसायचं त्यात काय एवढं. माझी बायको तर अजून बोलते, घरात स्वतःचं ताट उचलत नाय आणि तिथं दुसऱ्याच्या काठ्या पुसतो.

पण काठीच्या तोंडावर बारीक खाचा असतात, त्यात माती बसली की चेंडू पकड घेत नाय, पडला की पळत सुटतो. म्हणून माझ्या खांद्यावर टॉवेल, अर्धा ओला, अर्धा कोरडा. खिशात जुना दात घासायचा ब्रश. ओल्यानं पुसायचं, ब्रशनं खाचा काढायच्या, कोरड्यानं परत पुसायचं, मंगच काठी बॅगेत. दर फटक्याला, चालता चालता. हे मला कोणी शिकवलं नाय, आईच्या विळीनं शिकवलं.

आमचे देशपांडेसायब ह्याच्यावर खूश. वऱ्हाडातले, मोठ्या जागेवरून रिटायर झालेले, बाईसायब गेल्या तेव्हापासून एकटे. रोज सकाळी सात वाजता मैदानावर. चौदा वर्षं मी त्यांची बॅग उचलली. बोलायचे, गजा, तुझ्या हातची काठी घेतली की वाटतं आजच दुकानातून आणली.

आता काय सांगू तुमाला. चेंडू जिथं लागतो तिथं काठीच्या तोंडावर डाग उमटतो, दव आणि मातीचा, रुपयाएवढा. सायबांचा डाग कायम मधोमध, चौदा वर्षं मी तोच डाग पुसला, डोळे मिटून पुसला असता. एका हिवाळ्यात तो डाग सरकायला लागला. पयला थोडा दांड्याकडं, मंग अजून थोडा, मंग कधी पार कडेला. सायब चेंडू कुठं गेला ते बघायचे, मी काठी बघायचो. ते बोलायचे, आज वारा हाय गजा. मी बोलायचो, हो सायब, वारा हाय. झाडाचं पान हलत नसायचं.

मला कळलं होतं की सायबांना बरोबर दिसत नाय. पण प्रत्येक वेळी पुढचा फटका असायचा, सायब निघालेले असायचे, आणि निघत्या माणसाला टोकायचं कसं. मनात बोललो, खेळ झाल्यावर सांगू. खेळ झाला की सायब खुशीत चहा पाजायचे, मंग वाटायचं, उद्या बोलू. असं वर्षभर डाग पुसत गेलो.

एक दिवस मी सात नंबरची काठी पुढं धरली आणि सायबांनी हात घातला तो काठीच्या बाजूला, हवेत. दोनदा घातला. तिसऱ्यांदा मी काठीची मूठच त्यांच्या हातात दिली. त्यांनी काठी परत माझ्याकडं दिली, बोलले, गजा, घरी चल.

ठाण्याहून त्यांची मुलगी आली, डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू. डॉक्टर बोलले, गेली ती नजर परत येत नाय, वर्षभर आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती. ताईंनी मला विचारलं, काका, तुमी रोज बरोबर असता, तुमाला कायच दिसलं नाय का. खोटं बोलता आलं असतं. पण खोटं नाय बोललो. सायबांच्या समोर सगळं सांगितलं, डाग कसा सरकला ते. ताई उठून आत गेल्या. सायबांनी माझ्याकडं तोंड वळवलं. मंग बोलले, म्हणजे तू रोज माझा रिपोर्ट पुसत होतास.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन महिने मी मैदानावर गेलो नाय. जेवण जाईना. आई असती तर तिला विचारलं असतं, खार दिसतो आणि माणूस गप बसतो, त्याला काय म्हणायचं.

मंग सायबांचाच निरोप आला, उद्या सातला ये. आता ते माझा दंड धरून येतात. उजेड आणि सावली एवढं कळतं त्यांना. नऊ होल होत नाय, एकाच जागी दहा-बारा फटके मारतात. मी चेंडू ठेवतो, काठी चेंडूमागं टेकवून देतो, बाजूला होतो. माफ केलं का, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाय, मी पण विचारलं नाय. ताई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात, त्यांचं बरोबर हाय.

फटका मारून झाला की सायब चेंडूचं विचारत नाय. काठी माझ्याकडं आडवी धरतात आणि विचारतात, कुठं? मी त्यांचं बोट धरतो, काठीच्या तोंडावर ओला डाग असतो तिथं टेकवतो. इथं, सायब. आज दांड्याकडं हाय. ते बोट फिरवून बघतात, मान हलवतात.

मंगच मी टॉवेल काढतो.