भांडण मिटवणारा रिपोर्ट

नाही हो, रिपोर्ट खोटा असता तर बरं झालं असतं! खरा निघाला, तिथंच घात झाला...

तुम्हाला सांगतो, माझी दोन पोरं. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. दोघं उशिरा चालली, दोघंही बोलत नाहीत. सगळे डॉक्टर म्हणायचे, 'एकच आजार!' कोणता? ते कुणालाच ठाऊक नाही! मग दोष कुणाकडचा? झालं! दर रविवारी बहीण हजर, 'दादा, आपल्यात असं कुणी नाही हं, वहिनीच्या माहेरी चौकशी कर!' पाठोपाठ सासूबाई, 'जावईबापू, आमच्यात सगळे खणखणीत!' चहावर चहा, आवाज टिपेला, मुलगी टाळ्या पिटतेय, आणि मुलगा दाराशी बसून पाहुण्यांच्या चपला जोडीजोडीनं लावतोय... काय खूश असायचा! भांडायला का होईना, यायची हो माणसं!

मग चौघांचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'मुलीच्या आजाराचा एक बिघडलेला जनुक वडलांकडून, एक आईकडून. मुलालाही तोच, शिवाय वेगळाच दुसराही, तो मात्र कुणाकडून नाही, आपोआप उद्भवलेला. लक्षणं एकमेकांत मिसळली, म्हणून एकच वाटला.' म्हटलं, 'असं दुसरं कुणी?' तर, 'दोन्ही एकत्र... आमच्या पाहण्यात नाही.' म्हणजे गप्पा मारायलाही कुणी नाही!

आणि वाटणी? निम्मी-निम्मी! मी कापडवाला, पण इतकं सरळ मला कधी फाडता आलं नाही! बहिणीचा गुडघा दुखायला लागला, सासूबाईंचं 'पुढच्या महिन्यात बघू'. घरात चिडीचूप. पोरगा दाराशी आमच्याच दोन जोड्या लावतोय, मोडतोय, पुन्हा लावतोय... भांडायला का होईना, यायची हो माणसं!

शेवटी काल बहिणीला फोन केला, 'मुलाचा दुसरा दोष आपल्याकडचा निघाला गं!' लगेच सासूबाईंना, 'तुमच्याकडचा निघाला!' बायको सगळं ऐकत होती. तिनं चहाचं मोठं पातेलं काढलं फक्त.

दुकानाच्या वरच राहतो आम्ही. येतोय ना आवाज? त्या टाळ्या मुलीच्या! दुकानात जन्मात खोटं माप दिलं नाही, घरी दिलं, तेही दोघींना सारखंच...

मी? मी कसला वर जातोय! दोघी मिळून मलाच खरं काय ते विचारतील, आणि मिटेल ना भांडण! बसा हो तुम्ही, काही घेऊ नका... पण बसा.