आईच्या हातची पिशवी

नाही हो ताई, शाईचा डाग धुण्यात गेलेला नाही. शाई अशी जाते होय? बसा ना. त्या गठ्ठ्यावर बसा, कापडच आहे. पिशवी आणलीत ते बरं केलंत, दाखवा — हं, निळी चौकडी. तुमच्या बाबांच्या शर्टाला खिशाखाली शाईचा डाग होता आणि हिला नाही, एवढंच ना? मग हा तुमच्या बाबांचा शर्ट नाही. — असं तोंडावर सांगायला नको होतं मी. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि मला आता रचून सांगायचा कंटाळा आलाय. आईच्या नावाच्या पेजवर दिवसभर तेच करतो.

आई? आई आत नाहीये. थांबा, सांगतो, आधी शर्टाचं होऊ दे. सुरुवातीला सगळं खरं होतं, देवाशप्पथ. लोक घरातल्या माणसाचा जुना कपडा पाठवायचे, आई त्याची पिशवी शिवायची, वर हातानं चिठ्ठी लिहायची. दिवसाला सहा पिशव्या. मी मोबाइल धरायचो. ‘काही फेकू नका, आई शिवेल’ — हे वाक्य माझं, तिचं नाही, ती नुसती शिवायची. ‘एका पिशवीमागे इतकं इतकं पाणी वाचतं’ — तेही माझंच, आकडा कुठून आणला विचारू नका, मलाच आठवत नाही. मग तो एक व्हिडिओ चालला — आई दातानं दोरा तोडते, बाकी काही नाही त्यात — आणि आठवड्यात चारशे पार्सलं. चारशे! आणि ती शिवणार सहा. मग काय करणार? चार तागे आणले. चौकडी, रेघा, फुलं, पांढरं. नवं कापड दगड घालून मशीनमध्ये धुतलं की दोन तासांत दहा वर्षं वापरल्यासारखं दिसतं — त्याला पाणी किती लागतं ते मात्र पेजवर नाही टाकलं. आलेला कपडा बघायचा, साधारण जुळतं कापड कापायचं, बाहेरून शिवून आणायचं. कुणाला कळलं? कुणालाच नाही. एका बाईनं तर लिहिलं, पिशवीला अजून आजोबांचा वास येतो. मी उठून तागा हुंगला. धुण्याच्या पावडरीचा वास. पण हजारभर लोकांनी तिला लाल बदाम टाकले होते, मी कोण नाही म्हणणारा?

हो, आईला कळलं. मागच्या खोलीत पोती सापडली तिला, तुम्ही लोकांनी पाठवलेल्या कपड्यांची. ओरडली नाही — ओरडली असती तर बरं झालं असतं. एक पोतं सोडलं, खुर्ची ओढली आणि शिवत बसली. लोकांनी विश्वासानं दिलंय रे, एवढंच म्हणाली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी रोज बसायची. मशीनवरच गेली. आठ महिने झाले. ते बघा, सुईखाली अजून कुणाचा तरी पायजमा आहे, अर्धा शिवलेला. मी काढला नाही.

तुमची चिठ्ठी? तुमचा शर्ट आला दोन महिन्यांपूर्वी, म्हणजे — हो, मीच लिहिली. तिचं अक्षर येतं मला, शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर तिची सही मीच करायचो. ‘खिसा किती जपून वापरलाय, बाबा नीटनेटके असणार’ — शर्ट असला की हेच लिहितो. — रडू नका. म्हणजे रडा, तुमची मर्जी. मला हल्ली रडू येत नाही. आई गेली त्या सकाळीही नाही आलं. महिन्याभराच्या पोस्ट आधीच लावून ठेवलेल्या असतात ना, वेळ झाली की आपोआप जातात. आम्ही तिला घेऊन निघालो आणि खिशात फोन थरथरायला लागला — ‘आज नवी टीप घालून बघितली, कशी वाटते सांगा.’ आजवरची सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट ती. मी चालता चालता उत्तरं दिली. ‘सुखी राहा बाळा.’ ‘जेवलास का?’ थांबवता आलं असतं. पण थांबवायचं म्हणजे का थांबवलं ते लिहावं लागलं असतं.

शर्ट? शर्ट चिंधीवाल्याकडे. महिन्याला त्याचा टेम्पो येतो, पोती नेतो, कपडे पिंजून गाद्यांत भरतात. म्हणजे पुनर्वापर झालाच की, पेजवरचं एक वाक्य तरी खरं. — नाही, जाऊन उपयोग नाही. मी जाऊन आलोय. तुमच्यासाठी नाही हो. आईच्या कपड्यांसाठी. तिचं कपाट आवरलं, हाताशी होती ती पोती भरली, लोकांच्या कपड्यांची असतात तशीच पांढरी, आणि भिंतीला लावून ठेवली. टेम्पोवाल्याला काय माहीत? त्यानं विचारलं, सगळी न्यायची ना? मी तिच्या नावानं कुणाला तरी उत्तर लिहीत होतो. मान हलवली. संध्याकाळी लक्षात आलं. गेलो तोवर सगळा कापूस झाला होता, एवढा मोठा ढीग, त्यातलं तिचं कुठलं आणि लोकांचं कुठलं.

मग एक पिशवी माझ्यासाठी करून घेतली. ती काय, खिळ्याला. फुलांच्या ताग्यातली. असाच एक गाऊन होता तिचा — साधारण असाच. आत चिठ्ठीही आहे, तिच्या अक्षरात. काढा, काढा, बघा. जवळ घ्या जरा. वास येतो ना? तिथे नाही, शिवणीपाशी. आत. मला येतो तिथे.

नाही?

बरं. लावा परत खिळ्याला. पाचला आईची पोस्ट जायचीय. जाताना दार तेवढं ओढून घ्या.