चार फुटांचं दार

(हुडकेश्वर, सकाळ. दादाजी आतल्या खोलीत पांढऱ्या कपड्याखाली. अंगणात खांदेकरी. दारात तिघं: मुलगा धम्मानंद, नातू पियुष, दादाजींची बायको इंदूबाई.)

पियुष: चार फूट. तिसऱ्यांदा मोजलं, बाबा. वाढून नाही राहिलं.

धम्मानंद: आणि खांद्यावर तिरडी म्हणजे पाच. ब्रेकरवाल्याला फोन लाव.

पियुष: लावला. तो म्हणे, काय तोडाचं आहे? मी म्हटलं, इराणचं दार. त्यानं कट केला.

धम्मानंद: तुझे दादाजी दोन वर्षं इराणात, हमदानला मिस्त्री होते. लोक तिकडून घड्याळं आणत. यांनी दाराचं माप आणलं.

पियुष: कागद अजून आहे पाकिटात. वर विटांचा घुमट, खाली यहुद्यांच्या दोन कबरी. एस्तेर राणी अन् तिला वाढवणारा चुलतभाऊ मर्दखय. तो म्हणे वजिरापुढं कधी वाकलाच नाही. आता त्याच्या कबरीच्या चार फुटी दारात दुनिया वाकते. दादाजी इतकं खुश होऊन सांगे, जसा काही मर्दखय आपल्या गावचा, खाप्याचाच.

धम्मानंद: आणि आपल्याकडे घुमटाच्या जागी पाण्याची टाकी.

पियुष: टाकी गोल आहे, बाबा.

धम्मानंद: पुरे. भंतेजी उभे आहेत. खाप्याहून जमीनदार मालगुजारांचा नातू आलाय, ओमप्रकाश. या लोकांना आज वाकवायचं?

इंदूबाई: कोण आलं म्हणतं?

धम्मानंद: ओमप्रकाश, आई. खांदा द्यायला.

इंदूबाई: त्याच्या आज्यानं माह्या सासऱ्याले अंगणात वाकवून उभं ठेवलं होतं. दिवसभर. डोक्यावर चपला. हे तवा सहा वर्षांचे, कुंपणाआडून पाहे. म्हणून हे दार.

धम्मानंद: माहीत आहे मला.

इंदूबाई: तुले अर्धं माहीत हाये. मालगुजार एकदाबी नाही आले इथं. वाकली मी. चाळीस वर्षं, हंडा घेऊन.

धम्मानंद: मग पाडूच ना.

इंदूबाई: आज नाही.

पियुष: तसंही दादाजी आडवे आहेत. त्याइले दीड फूट लय झालं. तिरडी खांद्यावर नाही, हातात खाली धरली तं ते सरळ निघतेत. वाकाव लागन आपल्याले.

धम्मानंद: ही काय मस्करीची वेळ आहे?

पियुष: मी माप सांगून राहिलो.

इंदूबाई: तसंच न्या मंग. पुढं ओमप्रकाशले लावा.

धम्मानंद: तो वाकेल?

इंदूबाई: नाही वाकला तं कपाळ फुटन त्याचं. दगड हाये वर.

पियुष: आणि घाटावरून आल्यावर, आजी?

इंदूबाई: पाडा. कामच झालं त्याचं.

पियुष: सात फूट करतो. तुह्यासाठी.

इंदूबाई: कर बाप्पा. पण मी तं आता मोकळ्या रस्त्यानंबी अशी वाकूनच चालते.